कमानीखालचा मान

दोन काठांना जोडतो तो पूल आणि दोन काळांना जोडतो तो इतिहासकार.

हे वाक्य माझं आहे. आमच्या पुलाच्या शताब्दी महोत्सवाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, त्यासाठी मी ते लिहिलं आणि लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे कौतुकानं पाहत बसलो. मग शाळेतल्या इतिहासाच्या सरांना दाखवलं, कारण वाक्यातला इतिहासकार म्हणजे तेच होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकापाशी नेला आणि विचारलं, "पुरावा?"

"सर, हे सुभाषितासारखं आहे. याला पुरावा कुठून आणू?"

"मंग काढून टाका. पूल काठाले जोडत नसते. काठ आपापल्या जागी राह्यतात. पूल नुसता मधातल्या हवेत उभा असते, अन् किती दिवस उभा राहीन हे कोनाले माहीत नाही."

मी ते वाक्य काढलं नाही. पण म्हणायची वेळही आली नाही. त्याला कारण सरच होते.

पैनगंगेच्या एका वळणावर ही दोन गावं आहेत, एक अल्याड आणि एक पल्याड. नावं मुद्दाम देत नाही. दिली तर आधी कोणाचं दिलं यावरून भांडण होईल. दोन्ही गावांनी गेल्या काही वर्षांत स्वतःला शहर म्हणवून घ्यायला सुरुवात केली आहे. तशा पाट्या वेशीवर लागल्या आहेत, आणि प्रत्येक पाटीवर स्वागत करणाऱ्यांचे फोटो गावाच्या नावापेक्षा मोठे आहेत. दोघांच्या मधे काळ्या दगडाचा, कमानींचा जुना पूल. तो कोणी बांधला हे कोणालाही नक्की ठाऊक नाही, त्यामुळे दोन्ही शहरांना त्याचा सारखाच अभिमान.

सरांची आणि माझी ओळख या पुलापाशीच झाली. मी नवा होतो. मेहकरहून अप-डाऊन करायचं ठरवलं होतं आणि पहिल्याच दिवशी शाळेत वेळेत पोचायच्या धास्तीनं घामाघूम होऊन बसमध्ये बसलो होतो. पूल आला तशी बस थांबली. माझ्या शेजारचे उंच, वाळकुडे गृहस्थ उठले, बगलेत छत्री मारली आणि खाली उतरले. बस पूल ओलांडून पल्याड गेली आणि तिथे पुन्हा थांबली. डोणगावच्या बाजारातून आलेल्या बायांनी टोपल्या नीट केल्या, ड्रायव्हरनं तंबाखू मळायला घेतली. मागून ते गृहस्थ पुलाच्या बरोबर मधून, छत्रीचं टोक टेकवत, चालत येत होते.

"काय झालं?" मी कंडक्टरला विचारलं.

"काई नाई. पूलसर हायेत."

"पण उतरले का?"

"आपल्यासाठी उतरतात," कंडक्टर म्हणाला. "त्यायचं वजन कमी होते ना पुलावरचं."

सगळी बस हसली. तेवढ्यात सर वर चढले, माझ्या शेजारी बसले आणि काहीच न झाल्यासारखे म्हणाले, "तुम्ही नवीन मराठीचे? उद्यापासून मागच्या सीटवर बसत जा. मागचं चाक पुलावरून शेवटी जाते. तवर समोरच्यायचं काय झालं ते समजते."

ही गंमत होती की सल्ला, ते मला पुढची कितीतरी वर्षं कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी मागच्या सीटवर बसलो. आणि त्यानंतर बस पुलावर आली की माझे पाय आपोआप फळीवरून थोडे उचलले जाऊ लागले, जणू त्यानं बसचं वजन कमी होणार होतं. भीती ही अशी शेजारी बसल्यानं लागते.

सर घाबरट होते असं मात्र म्हणता येणार नाही. वर्गात साप निघाला तेव्हा मुख्याध्यापक टेबलावर चढले आणि सरांनी तो छत्रीनं बाहेर काढला. पुढाऱ्यांना ते भीत नसत, शिक्षणाधिकाऱ्यांना तर नाहीच. त्यांचं सगळं भय एकाच जागी साठलं होतं, नदीच्या मधोमध, सर्वांत मोठ्या कमानीवर. कमान कशी उभी राहते हे ते नववीच्या वर्गाला दरवर्षी सांगत. अभ्यासक्रमात ते नव्हतं.

"कमानीतला एकेक दगड खाली पडायलेच निघालेला असते," ते सांगत. "पन सगळेच एकदम निघतात अन् एकमेकांत अडकून बसतात. याले लोकं मजबुती म्हनतात."

आमची स्टाफरूम याच तत्त्वावर चालत होती, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

पूल बांधायला सुरुवात कोणत्या काठावरून झाली, हा दोन शहरांमधला जुना वाद. त्यावरून क्रिकेटचे सामने अर्धवट सुटले आहेत. एका गणेशोत्सवात दोन्हीकडच्या मंडळींनी निवाड्यासाठी सरांना बोलावलं. सर म्हणाले, "कमान दोन्हीकून बांधत आनावं लागते. एकीकूनच बांधली तं पडते." एवढं बोलून ते खाली बसले. त्या वर्षापासून दोन्ही शहरांनी त्यांना व्याख्यानाला बोलावणं बंद केलं.

पुलाचा इतिहास लिहायचं काम त्यांनी तरुणपणी घेतलं होतं. शाळेच्या वार्षिकात तो दरवर्षी छापून येई आणि दरवर्षी आखूड होई. सुरुवातीला त्यात राजे होते, दुष्काळ होता, नदीला कौल लावणारा एक साधू होता. मग सर एकेक तपासत गेले. साधू गेला, त्याच्यामागे राजे गेले. चुन्यात गूळ आणि उडदाचं पीठ मिसळलं होतं, ही गोष्ट बरीच वर्षं टिकली. मग तीही गेली. मी नोकरीला लागलो तेव्हा इतिहास एका पानावर आला होता.

पुलाच्या पल्याडच्या टोकाला पंक्चरचं दुकान टाकून बसलेले एक चाचा होते. त्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या पणजोबांनी या पुलाचे दगड घडवले.

"पुरावा?" सर विचारत.

"मी हावो ना पुरावा! पनजोबा नसते तं मी कुठून आलो असतो?"

"तुम्ही पनजोबाचा पुरावा हा, पुलाचा नाई."

"सर, तुमी बी ना, सासऱ्यालेही पुरावा मांगला असंन लग्नात."

पण सरांचा खरा राग होता तो साहेबाच्या गोष्टीवर. ती अशी: पूल बांधून झाला तेव्हा बांधणारा इंग्रज साहेब बायकोसकट मधल्या कमानीखाली उभा राहिला आणि वरून दगडांनी भरलेल्या बैलगाड्या जाऊ दिल्या. पूल पडला तर आधी मी मरेन, असं तो म्हणाला. दोन्ही शहरांतल्या प्रत्येक घरात ही गोष्ट सांगतात आणि सांगताना आवाज भरून येतो. सर म्हणत, ही गोष्ट जिथे जिथे जुना पूल आहे तिथे तिथे सांगतात. सगळ्या साहेबांनी असं केलं असतं तर इंग्रजांना राज्य करायला वेळच मिळाला नसता. निबंधात कोणी ती लिहिली की सर समासात लाल शाईनं "पुरावा नाही" लिहीत आणि पूर्ण गुण कापत. एकदा सरपंचांच्या मुलीचे गुण कापले गेले. सरपंच भांडायला आले आणि जाताना चहा न पिताच गेले.

आता एका काचेबद्दल सांगितलं पाहिजे.

मधल्या कमानीच्या बरोबर वर, कठड्याच्या आतल्या अंगाला एक भेग होती. केसाएवढी. सरांनी शाळेच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी आणली आणि ती भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना सिमेंट लावून बसवली. भेग रुंदावली तरी डोळ्यांना कळत नाही, काच मात्र तडकते. सर रोज सकाळी बसमधून उतरत, चालत मध्यावर येत, वाकून काच पाहत आणि पल्याड पोचल्यावर चाचांना सांगत, "शाबूत."

"अल्लाची मेहेरबानी," चाचा पान्याला ग्रीस पुसत म्हणत.

"पुरावा?"

"पूल उभा हाये ना बे— माफ करा, सर."

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला, की एखाद्या दिवशी सर रजेवर असले की मला चुकल्यासारखं होई. मग मीच बसमधून काचेकडे पाहायचा प्रयत्न करी. धावत्या बसमधून ती दिसत नसे. तो दिवस जरा जडच जाई.

शताब्दीचं खूळ कुठून निघालं हे सर्वांना माहीत होतं. पुलाला नेमकी किती वर्षं झाली याचा कागद नव्हता. सरांनी तसं लेखी दिलंही होतं. पण आमच्या भागातल्या एका मोठ्या नेत्यांचा वाढदिवस जवळ आला होता, आणि त्याच आठवड्यात पुलाला शंभर वर्षं पूर्ण होतात असं दोन्ही शहरांच्या एकमतानं ठरलं. दोन्ही शहरांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट. महोत्सव समितीचे अध्यक्ष होते कृषी केंद्राचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ उत्साही माणूस. त्यांनी कार्यक्रम सांगितला. स्टेज पुलाच्या मध्यावर. मागे डीजेचा ट्रक. साहेब, म्हणजे ते नेते, आले की जेसीबीच्या बकेटमधून फुलांचा वर्षाव. आणि दोन्ही शाळांची सगळी मुलं कठड्याच्या दोन्ही बाजूंनी हातात हात धरून उभी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकात्मतेसाठी.

सर हे ऐकत असताना मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"भाऊ," ते म्हणाले, "जेसीबी पुलावर नोका आनू."

"काऊन?"

"पूल थकला."

भाऊ मनापासून हसले. "सर, मी तुमचा विद्यार्थी. मी नववीत होतो तवा बी तुमी हेच सांगत होता. माहं पोरगं नववीतून गेलं, तवा बी पूल पडूनच राह्यला होता. तुमी दर पावसाळ्यात पाडता अन् तो काही पडत नाही."

इथे सरांची अडचण होती. पूल पडेल याचा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. जन्मभर दुसऱ्यांना जो प्रश्न विचारला तो आता त्यांच्यासमोर पाय रोवून उभा होता.

आणि मग, महोत्सव अगदी तोंडावर आला असताना, काच तडकली.

त्या दिवशी सर पुलाच्या मध्यावर वाकले ते सरळच होईनात. बस पल्याड थांबली होती. ड्रायव्हरची तंबाखू मळून झाली, तोंडात टाकून झाली. शेवटी मी आणि चाचा मागे चालत गेलो. काचेला मधोमध तिरपा तडा गेला होता.

"पोट्टे क्रिकेट खेयत होते काल इथंच," चाचा म्हणाले. "बॉल लागला असंन."

"असंन," सर म्हणाले.

"मंग? नवी लावा."

"बॉल लागला का भेग सरकली, हे काच सांगत नाई ना चाचा." सरांनी बोट तड्यावरून फिरवलं. "इतकी वर्षं झाली, मले वाटे काच पुरावा देईन."

ते बुलढाण्याला गेले, बांधकाम खात्याच्या कचेरीत. मला सोबत नेलं. तिथला इंजिनिअर तरुण होता, सभ्य होता, त्यानं आम्हाला बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, पूल पडेल असं मी लिहून देऊ शकत नाही. पडणार नाही असंही लिहून देऊ शकत नाही. मोठी तपासणी लावावी लागेल, त्याला वेळ लागतो."

"तवर काय करू?"

"गर्दी टाळा," तो म्हणाला, आणि हे आपण बोललो असं कुठे सांगू नका अशा अर्थानं हसला.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर पाहत बसले. मेहकरला उतरताना मात्र म्हणाले, "मानूस इमानदार होता. मी असतो तं मीही हेच सांगितलं असतं."

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. शाळेत लेझीमचा सराव चाले, वर्गावर्गांतून मुलांच्या जोड्या लावल्या जात, कोण कोणाचा हात धरणार यावरून मुली रुसत. सरांचा डबा तसाच परत जाई. नववीच्या वर्गात हजेरी घेताना ते प्रत्येक नावापाशी थांबत आणि "हजर" म्हणणाऱ्या पोराकडे मान वर करून पाहत. मुलांना वाटे, आपलं काही चुकलं. शेजारच्या वर्गात शिकवताना मला ती थांबत थांबत चाललेली हजेरी ऐकू येई आणि मी कविता मधेच सोडून देई.

मी त्यांना म्हणालो, "सर, आपण पालकांना सांगू. मुलांना पाठवू नका म्हणून."

"सांगून पाह्यलं. ते म्हनतात, साहेब येऊन राह्यले, पोरगी टीव्हीवर दिसन. अन् मले विचारतात..."

काय विचारतात ते त्यांना सांगावं लागलं नाही.

शेवटची बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. साहेबांचे पीए पाहणीला आले होते. हसतमुख तरुण माणूस, दोन फोन, पांढरे बूट. त्यांना साहेबांच्या भाषणासाठी पुलाचा इतिहास हवा होता, म्हणून सरांना बोलावलं होतं. मी सूत्रसंचालक म्हणून होतो. भाऊ होते. मुख्याध्यापक पंख्याखाली बसून सर्वांना हो म्हणत होते.

सरांनी वार्षिकातलं पान पुढे केलं. एव्हाना ते अर्धं झालं होतं. पीएंनी ते वाचलं आणि उलटून पाहिलं.

"एवढंच? सर, काहीतरी हटके द्या ना. एखादी परंपरा, एखादा किस्सा. साहेबांना असं काही मिळालं की ते खुलतात."

बाहेर मैदानावर लेझीमचा ठेका चुकला, पीटीचे सर ओरडले, ठेका पुन्हा सुरू झाला. सर खिडकीतून तिकडे पाहत होते. मग त्यांनी चष्मा काढला, नेहमीसारखा धोतराला नव्हे, छत्रीच्या कापडाला पुसला, आणि पुन्हा लावला. मी त्यांना पुस्तकी मराठीत बोलताना फक्त वर्गात ऐकलं होतं. त्या दिवशी ते तसं बोलले.

"या पुलाची एक परंपरा आहे," सर म्हणाले. "पुलाचा सोहळा असला, की प्रमुख पाहुण्यांनी मधल्या कमानीखाली उभं राहायचं. नदीच्या पात्रात. आणि वरून भरलेल्या गाड्या जाऊ द्यायच्या. पूल बांधणारा स्वतः असा उभा राहिला होता. हा पाहुण्यांचा मान आहे. तो घेतल्याशिवाय सोहळा पूर्ण होत नाही."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. ते मी उचललं नाही.

"व्वा!" भाऊ ओरडले. "हे तं आमी लहानपनापासून आयकून राह्यलो! सर, तुमीच तं म्हनत होते पुरावा नाई म्हनून?"

"आता आहे," सर म्हणाले.

"फोटो काय येईल!" पीए म्हणाले. "खाली साहेब, वरून..." ते थांबले. "वरून काय काय जाणार?"

"जेसीबी," सर म्हणाले. "डीजेचा ट्रक. स्टेज तर आहेच. आणि दोन शाळांची मुलं."

"हं." पीएंनी एक फोन खिशात ठेवला. "पूल पक्का आहे ना पण?"

"एकदम पक्का!" भाऊ म्हणाले. "शंभर वर्षं काही झालं नाई त्याले."

"मग तुम्ही राहा साहेबांसोबत खाली. अध्यक्ष म्हणून."

"मी?" भाऊंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. "मी तं वर लागतो ना. स्टेजचं कोन पाहीन? हेडमास्तर राह्यतीन."

मुख्याध्यापक त्या दिवशी पहिल्यांदाच हो म्हणाले नाहीत.

"मी राहतो," सर म्हणाले. "साहेबांच्या शेजारी मी उभा राहतो."

पीएंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हेच ना ते सर, जे बसमधून उतरून पूल पायी ओलांडतात?"

मी हो म्हणालो. एवढंच माझं योगदान.

पीए फोन लावत व्हरांड्यात गेले. परत आले तेव्हा पुन्हा हसतमुख होते. सुरक्षेच्या कारणास्तव कार्यक्रम बाजार समितीच्या आवारात घ्यावा, असं वरून ठरलं होतं. जागा मोठी आहे, पार्किंग आहे. पुलाचा मोठा फ्लेक्स मागे लावला म्हणजे झालं.

त्याप्रमाणे झालं. साहेब आले, जेसीबीनं फुलं उधळली, त्यातली निम्मी पत्र्यावर पडली. मुलांनी बाजार समितीच्या गोदामाभोवती साखळी धरली. भाषणं इतकी लांबली की सूत्रसंचालकाच्या वाक्याला जागा उरली नाही. सर कार्यक्रमाला नव्हते. ते पल्याडच्या टोकाला, चाचांच्या दुकानात जुन्या टायरवर बसून रिकाम्या पुलाकडे पाहत होते. मी गेलो तर माझ्यासाठी त्यांनी दुसरा टायर ओढला.

"वाचली पोरं," मी म्हणालो.

"पुरावा?" सर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

पूल पडला नाही. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. त्यामुळे सर बरोबर होते की चूक, हे कोणालाच कळलं नाही. मला वाटतं, याचा त्रास त्यांना झाला तो खोटं बोलल्याच्या त्रासापेक्षा थोडा कमी. खोट्याचा त्रास मात्र वाढतच गेला, कारण ते खोटं स्वस्थ बसेना. पेपरात परंपरेवर लेख आला. अल्याडच्या लोकांना आठवलं, की पाहुण्यांना कमानीखाली नेण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. पल्याडच्यांनाही तेच आठवलं. चाचांच्या पणजोबांना आपल्या डोळ्यांदेखत इंग्रज साहेब उभा असल्याचं दिसू लागलं. पुढच्या वर्षीच्या निबंधांत ती परंपरा पोरापोरानं लिहिली. सरांनी लाल पेन उघडलं, पहिल्या निबंधाच्या समासात "पु" लिहिलं, आणि टोपण लावून टाकलं.

"काय लिहू?" त्यांनी मला विचारलं. "म्हनतीन, सर, तुमीच तं सांगितलं."

पुढे मोठी तपासणी झाली. तिचा निकाल काय लागला ते गावाला कळलं नाही, पण जुन्या पुलावरून वाहनं बंद झाली आणि शेजारी नवा पूल उभा राहिला, सिमेंटचा, सपाट, सरळ खांबांवरचा. उद्घाटनाला तेच साहेब. सर तेव्हा निवृत्त झाले होते. एका दुपारी पीएंचा फोन त्यांना आला. पांढरे बूट घालणारी माणसं विसरत नाहीत.

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

नवा पूल नवा होता, त्यामुळे साहेबांना भीती नव्हती. भीती होती ती एकाच माणसाला. उद्घाटनाच्या दिवशी नदीच्या पात्रात सतरंजी अंथरली होती. वर डीजेचा ट्रक, त्याच्यामागे जेसीबी, मागे खडीनं भरलेले डंपर. खाली साहेब, आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्याफटक चेहऱ्यानं सर. ढग नव्हते, ऊनही तिथे पोचत नव्हतं. तरी ट्रक वर चढल्याचा आवाज आला तशी सरांनी छत्री उघडली.

मी दोन हातांवर होतो. वरून बारीक धूळ पडली. छत्रीवर तिचा आवाज आला. साहेब कॅमेऱ्याकडे बघत हसत होते, आणि ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "सर, याआधी इथं कोण कोण उभं राहिलं होतं?"

"पुरावा नाही," सर म्हणाले.

साहेबांचं हसू तसंच राहिलं, पण ते एक पाऊल सरकून छत्रीखाली आले. तोच फोटो सगळीकडे छापून आला.

सर गेल्याला आता काही काळ झाला. जुन्या पुलावर लोक सोयाबीन वाळत घालतात. मधल्या कमानीवर दुसरी काच आहे, तिच्यावर धूळ बसली आहे, मी अधूनमधून पुसतो. शाबूत आहे. वार्षिकासाठी सरांनी शेवटी दिलेला इतिहास मुख्याध्यापकांनी छापला नाही, कारण तो फार लहान होता. त्यात इतकंच होतं: "नदीवर दगडी पूल आहे."

नव्या पुलाच्या तोंडाशी संगमरवरी पाटी लावली आहे. तिच्यावर कोरलं आहे, की सोहळ्याच्या वेळी प्रमुख पाहुण्यांनी कमानीखाली उभं राहण्याची शंभर वर्षांची परंपरा या पुलाला लाभली आहे. खाली संदर्भ म्हणून सरांचं नाव आहे.

नव्या पुलाला कमान नाही.